कापड, सरस आणि खडू: प्राचीन इजिप्शियन मुखवटा घरी करताना

इजिप्शियन पद्धतीचा मुखवटा ज्यांना पहिल्यांदाच करून बघायचा आहे, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. शाळेचं प्रदर्शन असो, नाटक असो की निव्वळ हौस. मी शिकायला लागलो तेव्हा इतिहास एकीकडे, कृती दुसरीकडे आणि आपल्या बाजारात त्यातलं काय मिळतं हे सांगायला कुणीच नाही, अशी अवस्था होती. तुमची ती धावपळ वाचावी एवढीच इच्छा.

सुरुवातीलाच एक सांगतो. तुतनखामुनचा मुखवटा डोक्यातून काढून टाका. सुमारे दहा किलो सोन्याची ती वस्तू अप्रतिमच आहे, पण ती राजाची. इजिप्तमध्ये शेकडो वर्षं हजारो माणसांच्या ममीवर जे मुखवटे चढले, ते जुन्या कापडाचे थर, सरस आणि खडूची पूड यांतून केलेले होते. या प्रकाराला 'कार्टोनाज' म्हणतात. यातली जवळजवळ प्रत्येक वस्तू आपल्याकडे रंगाच्या दुकानात किंवा घरातल्या कपाटात सापडते.

१. आधी मुखवट्याचं काम समजून घ्या

हा मुखवटा तोंड लपवण्यासाठी नव्हता आणि हुबेहूब चेहरा दाखवण्यासाठीही नव्हता. ममीचं डोकं सुरक्षित राहावं, त्याला काही झालंच तर बदली चेहरा असावा आणि 'बा' म्हणजे पक्ष्याच्या रूपात फिरणारा जीवात्मा परत आला की त्याला आपलं शरीर ओळखता यावं, यासाठी तो असे. शिवाय मेलेला माणूस ओसायरिस, म्हणजे मृतांचा देव, होतो, देवांत जमा होतो, अशी श्रद्धा होती. देवांचं मांस सोन्याचं आणि केस लाजवर्द या निळ्या दगडाचे मानले जात. म्हणून चेहरा सोनेरी किंवा पिवळा आणि केसांचा टोप निळा.

तुतनखामुनच्या मुखवट्याच्या पाठीवर 'मृतांच्या ग्रंथा'तला १५१ वा मंत्र कोरलेला आहे. त्यात मुखवट्याच्या एकेका भागाची देवांशी सांगड घातली आहे: उजवा डोळा सूर्याची रात्रीची नाव, डावा डोळा दिवसाची नाव, कपाळ अनुबिस या कोल्हेमुखी देवाचं. हे वाचलं की करताना आपोआप काही गोष्टी पाळल्या जातात. डोळे टक्क उघडे हवेत, मिटलेले नकोत. चेहरा तरुण, शांत, बिनसुरकुतीचा हवा. आणि डोळ्यांच्या जागी भोकं पाडायची नाहीत. नाटकात घालायचा म्हणून लोक सर्रास भोकं पाडतात आणि मुखवट्याचा सगळा अर्थच निघून जातो. घालायचाच असेल तर बुबुळाच्या खालच्या कडेला बारीक चीर ठेवा; लांबून ती दिसत नाही.

२. काळ ठरवा, बाकीचं त्यावरून ठरतं

नवशिक्यांचा सगळ्यात जास्त घोळ इथे होतो. एका काळाचा टोप, दुसऱ्याची दाढी आणि तिसऱ्याच काळाचा रंग असं एकत्र होतं. इजिप्तचा इतिहास तीन हजार वर्षांचा आहे आणि मुखवटे-पेट्यांची फॅशन त्यात सतत बदलत गेली.

प्राचीन राज्याच्या, म्हणजे मोठ्या पिरॅमिडांच्या, काळात कधीकधी गुंडाळलेल्या चेहऱ्यावर थेट गिलावा देऊन नाक-डोळे घडवत. वेगळा, डोक्यावर चढवायचा कार्टोनाज मुखवटा इ.स.पू. २१०० च्या आसपास, ते राज्य मोडल्यानंतरच्या पहिल्या संक्रमणकाळात दिसू लागतो. तेव्हाच्या शवपेट्या सरळ आयताकृती लाकडी खोके असत. ममी डाव्या कुशीवर, पूर्वेकडे तोंड करून ठेवत आणि पेटीच्या त्या बाजूला, बरोबर चेहऱ्यासमोर, दोन मोठे डोळे रंगवत. मृताला त्यातून उगवता सूर्य दिसावा ही कल्पना.

मग त्यानंतरच्या मध्य राज्याच्या काळात, बाराव्या राजवंशात, मुखवटाच जणू पायापर्यंत वाढला आणि माणसाच्या आकाराची पेटी आली. संग्रहालयात अशी पेटी बघताना ती मुखवट्याचीच पुढची पायरी आहे हे लक्षात ठेवा. पुढे सतराव्या राजवंशात दक्षिणेकडच्या थीब्ज शहरात अंगभर पिसांची नक्षी असलेल्या 'रिशी' पेट्या आल्या, अठराव्यात काळ्या रंगावर पिवळी चित्रं, एकविसाव्यात पिवळ्या जमिनीवर चित्रांची नुसती दाटी. बाविसाव्या राजवंशात तर आख्खी ममीच कार्टोनाजच्या एकसंध खोळीत बसवू लागले. माती आणि काडाचा गाभा करायचा, त्यावर कापड आणि अस्तर (सरस-खडूचा पांढरा लेप) चढवायचं, ओलं असतानाच पाठीमागे चीर देऊन गाभा काढायचा, ममी आत सरकवायची आणि पाठीवर दोरी ओवून बांधायचं. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात २०१२ साली ब्रिटिश म्युझियमचं ममीचं प्रदर्शन आलं होतं, ते ज्यांनी पाहिलं त्यांना नेस्पेरेन्नुब आठवत असेल. थीब्जच्या कर्नाक मंदिरातल्या या पुजाऱ्याची ममी अशाच खोळीत आहे.

टॉलेमी या ग्रीक वंशाच्या राजांच्या काळात मुखवटा, गळ्याची पट्टी, छाती आणि पाय असे सुटे तुकडे करून ममीवर ठेवत, आणि अनेकदा कापडाऐवजी रद्दीतले पपायरस, म्हणजे लव्हाळ्याचे कागद, वापरत. रोमन काळात फायूम भागात मुखवट्याची जागा मेणरंगात लाकडी फळीवर काढलेल्या व्यक्तिचित्रांनी घेतली.

पहिल्यांदा करणाऱ्यांनी मध्य राज्याच्या काळातला साध्या माणसाचा मुखवटा निवडावा, असं माझं स्पष्ट मत आहे. रुंद चेहरा, मोठे डोळे, खांद्यांवरून पुढे येणारा साधा टोप, रंगवलेली दाढी-मिशी आणि गळ्याशी मण्यांची रुंद पट्टी. खोलगट, अडचणीचे कोपरे कमी असतात आणि रंगवायला भरपूर जागा मिळते.

दोन गोष्टी टाळा. पट्ट्यापट्ट्यांचं 'नेमेस' हे शिरोवस्त्र आणि कपाळावरचा नाग ही राजघराण्याची चिन्हं. पुजाऱ्याच्या किंवा कारकुनाच्या मुखवट्यावर ती घालायची नाहीत. आणि टोकाला पुढे वळलेली वेणीदार दाढी देवांची आणि देवत्व पावलेल्या राजांची असते, ती उगाच चिकटवू नका.

३. सामान

- शाडू माती, साधारण सहा-सात किलो (गणपतीच्या दिवसांत सहज मिळते, एरवी मूर्तिकारांकडे विचारा)
- जुनं सुती धोतर, पंचा किंवा मलमल
- सुताराचा सरस, दाणेदार किंवा वडीचा, पाव किलो
- चॉक पावडर, म्हणजे रंगाच्या दुकानातली व्हाइटिंग, दोन किलो
- गेरू, पिवडी (पिवळी माती), काजळी आणि कपड्यांना घालायची पावडरची नीळ
- बाभळीचा डिंक
- मऊ रुंद ब्रश, बारीक ब्रश, बारीक पॉलिश पेपर, स्वयंपाकघरातली पातळ प्लास्टिक फिल्म
- तोंडाला बांधायला मास्क, कारण खडूची पूड घासताना खूप उडते

इजिप्तमध्ये कापड लिननचं असे, म्हणजे ज्याच्या बियांची आपण जवसाची चटणी करतो त्या झाडाच्या धाग्याचं. सुती कापडाने काम भागतं. कापड जुनंच घ्या. तेही घरात वापरून विरलेलं कापडच वापरत. नवं असेल तर खळ जाईपर्यंत गरम पाण्यात धुवा, नाहीतर सरस आत मुरत नाही.

डिंक मागताना 'बाभळीचा' असं स्पष्ट सांगा. दुकानदार बरेचदा धावड्याचा देतो. तो फुगतो पण नीट विरघळत नाही, आणि रंगात गाठी राहतात. बाभूळ तर खुद्द नाईलकाठचंही झाड आहे. तिथले कारागीर तिचं लाकूड पेट्यांना वापरत, कारण उंबराच्या जातीचं सायकॅमोर, झाऊ आणि बाभूळ एवढंच घरचं लाकूड. देवदार लेबनॉनहून आणावा लागे आणि तो श्रीमंतांनाच परवडे.

सरस जनावरांच्या कातडी-हाडांपासून करतात. घरात चालत नसेल तर फेव्हिकॉलमध्ये तेवढंच पाणी घालून काम होतं. मात्र त्याचं अस्तर घासून तितकं गुळगुळीत होत नाही.

४. साचा

पाटावर शाडूचा चेहरा घडवा. टोप आणि छातीचा वरचा भाग त्यातच येऊ द्या. खऱ्या चेहऱ्यापेक्षा सगळीकडून दोन बोटं मोठा ठेवा. खरे मुखवटेही गुंडाळलेल्या डोक्यावर बसायचे, म्हणून मोठेच असत. नाक थोडं जाड, ओठांच्या कडा ठळक, कान बाहेर आलेले. कापड आणि अस्तर चढलं की सगळे बारकावे बुजतात, त्यामुळे साच्यात ते थोडे अतिच असू द्यावेत. कानामागे आणि हनुवटीखाली खोल खाचा ठेवू नका, नाहीतर मुखवटा साच्यातून निघणार नाही.

माती कडक वाळू देऊ नका, तडकते. बोटाने दाबल्यावर ठसा जेमतेम उमटेल इतपत झाली की प्लास्टिक फिल्म ओढून घट्ट बसवा.

जिवंत माणसाच्या चेहऱ्यावर प्लास्टर ऑफ पॅरिस ओतून साचा घेण्याच्या फंदात अजिबात पडू नका. ते घट्ट होताना तापतं आणि भाजतं, श्वासाचा धोका वेगळाच.

५. कापडाचे थर

सरस आदल्या रात्री दहापट थंड पाण्यात भिजत घाला. सकाळी तो फुगून लिबलिबीत होतो. मग भांडं गरम पाण्याच्या पातेल्यात ठेवून विरघळवा. थेट गॅसवर नाही, आणि उकळी तर कधीच आणायची नाही; उकळलेल्या सरसाची पकड जाते.

कापडाचे तळहाताएवढे तुकडे तिरके कापा, म्हणजे गालाच्या गोलाईवर चुण्या न पडता बसतात. सरसात बुडवून, पिळून, एकावर एक चढवत न्या. दोन थर झाले की सावलीत वाळू द्या. उन्हात ठेवलात तर एका बाजूने आक्रसून चेहरा वाकडा होतो. पाच-सहा थर पुरे.

६. अस्तर: खरं काम इथे आहे

घाई करायची तर बाकी कुठेही करा, इथे नको. मुखवट्याचा गुळगुळीतपणा, रंगाची चमक, सोनेरी वर्खाची झळाळी सगळं या पांढऱ्या अस्तरावर उभं आहे.

कोमट सरसात चॉक पावडर वरून भुरभुरत सोडा. ती आपोआप खाली बसते. पृष्ठभागाशी पुडीची बेटं दिसायला लागली की थांबा, पाच मिनिटं मुरू द्या आणि लाकडी काडीने हळू फिरवा. घुसळलंत तर बुडबुडे होतात आणि प्रत्येक बुडबुड्याचं वाळल्यावर टाचणीएवढं भोक पडतं. मलमलीतून गाळून घ्या. साईच्या दुधाइतकं दाट हवं.

पहिला हात ब्रशने नाही, बोटांनी चोळून द्या, म्हणजे कापडाच्या विणीत शिरतं. पुढचे हात ब्रशने, एक उभा, एक आडवा. आधीच्या हाताची ओली चकाकी जाऊन तो निस्तेज दिसायला लागला की पुढचा द्यायचा; पूर्ण कोरडा होईपर्यंत थांबलात तर थर एकमेकांना धरत नाहीत. सहा-सात हात द्या.

सरसाचं प्रमाण बरोबर आहे का, हे अस्तरच सांगतं. वाळल्यावर जाळीसारख्या भेगा पडल्या तर सरस जास्त झाला. बोट फिरवल्यावर पांढरं निघालं तर कमी पडला. वरचा थर खालच्यापेक्षा जास्त सरसाचा कधीच नको, तो आक्रसताना खालच्याला फाडतो. म्हणून भांड्यातलं पाणी उडून मिश्रण दाट झालं तर कोमट पाणी घालून मूळ पातळीवर आणा.

साच्यातून मुखवटा आता काढा. फिल्ममुळे सहज सुटतो. अडला तर माती मागून खरवडून काढा. मग चेहऱ्यावरून आधी किंचित ओलसर मऊ फडकं गोल फिरवा, पूर्ण वाळू द्या आणि बारीक पॉलिश पेपर मारा. पापणीची कड आणि ओठांची रेघ या वेळी काडीने परत कोरून घ्या. संपूर्ण कामातला माझा सगळ्यात आवडता टप्पा हाच आहे: बोटाखाली विण लागेनाशी होते आणि पांढऱ्या अस्तरातून चेहरा वर येतो.

पावसाळ्यात हे काम शक्यतो काढू नका. वाळायला वेळ लागतो, सरसाला वास येतो, कापडाला आतून बुरशी धरते. उरलेला सरस फ्रीजमध्ये ठेवा आणि दोन दिवसांत संपवा.

७. रेखाटन आणि रंग

तिथले चित्रकार आधी लाल रंगात आखणी करत आणि दुरुस्त्या काळ्याने करत. तुम्हीही गेरूच्या पातळ रेघेने सुरुवात करा. पेन्सिलचं शिसं वरच्या रंगात मिसळून मळकट दिसतं.

डिंक दुप्पट पाण्यात रात्रभर भिजवून गाळा आणि रंगाच्या पुडीत थोडा थोडा घालून पाट्यावर घोटा. वाळलेला रंग बोटाला लागला तर डिंक कमी, चकाकून सोलला तर जास्त.

त्यांचे रंग मोजकेच होते. लाल आणि पिवळी माती, काजळी, खडूचा पांढरा, आणि वाळू, चुना, तांब्याची संयुगं व क्षार भट्टीत भाजून केलेला 'इजिप्शियन निळा'. तो इथे मिळत नाही, पण पावडरच्या निळीत चिमूटभर खडू घातला की जवळ जातो. बाटलीतली पातळ नीळ घेऊ नका, ती जांभळी पडते आणि अस्तरात पसरते. हिरव्यासाठी नीळ आणि पिवडी.

हे मात्र कटाक्षाने पाळा: हरताळ आणि मनशीळ ही पिवळी-तांबडी खनिजं इजिप्तमध्ये वापरत असले तरी तुम्ही वापरू नका, दोन्हींत आर्सेनिक असतं. शेंदूर आणि हिंगूळही नको. खऱ्या शेंदरात शिसं, हिंगुळात पारा. मुलं बरोबर असतील तर हे सामान घरातही आणू नका.

अस्तर पाण्याने पुन्हा मऊ होतं, म्हणून ब्रश हलका आणि एकाच दिशेने चालवा.

८. डोळे

डोळे सगळ्यात शेवटी आणि सगळ्यात सावकाश. भुवया आणि काजळाची रेघ कानशिलाकडे लांब न्या. पांढरा रंग निव्वळ पांढरा न ठेवता त्यात पिवडीचा अंश टाका. बुबुळ वरच्या पापणीला चिकटलेलं असू द्या. मध्यभागी सुटं राहिलं तर चेहरा दचकल्यासारखा दिसतो. तुतनखामुनच्या मुखवट्यात पांढऱ्यासाठी स्फटिक आणि बुबुळासाठी ऑब्सिडियन ही ज्वालामुखीची काळी काच बसवली आहे, आणि डोळ्यांच्या कोपऱ्यांत लाल रंगाचा पुसटसा स्पर्श आहे. तेवढ्या लालीने नजर जिवंत होते. तुम्हीही गेरूचा ठिपका पाण्याने पसरवून लावून बघा.

९. सोनेरी चेहरा हवा असेल तर

पिवळा रंग हा सोन्याचा रास्त पर्याय होता, साध्या मुखवट्यांवर तो भरपूर दिसतो. वर्ख लावायचा तर आधी खाली पिवडीचा हात द्या, म्हणजे वर्खाच्या फटींतून पांढरं डोकावत नाही. सरसाचं पातळ पाणी लावून वर्ख ठेवा आणि कापसाने दाबा. नकली सोनेरी वर्ख काही महिन्यांत काळा पडतो, त्यावर पातळ वॉर्निश लागतंच.

१०. मजकूर

चित्रलिपीतली चिन्हं शोभेसाठी वाटेल तशी भरू नका. मुखवट्याच्या छातीवर किंवा पेटीवर बहुतेक वेळा अर्पणाचा ठरावीक मजकूर असतो: राजाने दिलेलं दान, मग ओसायरिसचं किंवा अनुबिसचं नाव, मग भाकरी, बिअर, बैल, पक्षी, कापड, आणि शेवटी मृताचं नाव. एखाद्या संग्रहालयाने वाचन देऊन छापलेली ओळच जशीच्या तशी उतरवा. माणसं आणि प्राणी ज्या दिशेला तोंड करून असतात, तिकडून वाचायला सुरुवात होते. म्हणजे चित्र उलटवलंत तर सगळी ओळ उलटवावी लागते, एखादं चिन्ह नाही.

११. आधी काय बघावं, काय विकत घेऊ नये

शक्य असेल तर हात घालण्यापूर्वी खरी वस्तू बघून या. सयाजीराव गायकवाडांनी उभारलेल्या बडोद्याच्या संग्रहालयात ममी आहे, जयपूरच्या अल्बर्ट हॉलमध्ये आणि हैदराबादच्या राज्य संग्रहालयातही आहे. कैरोला जाणं झालंच तर तुतनखामुनच्या वस्तू आता गिझाच्या ग्रँड इजिप्शियन म्युझियममध्ये आहेत. कुठेही गेलात तरी तुटलेल्या कडांकडे आधी बघा. कापडाच्या थरांची जाडी, अस्तराचा पांढरा पापुद्रा आणि वरचा रंग तिथेच उघडे दिसतात. समोरून शंभर फोटो काढून जे कळत नाही, ते कडेवरून कळतं.

इंटरनेटवर 'अस्सल कार्टोनाजचा तुकडा' म्हणून विकायला असतात ते घेऊ नका. इजिप्तने १९८३ च्या ११७ क्रमांकाच्या कायद्याने पुरावस्तूंचा व्यापार बंद केला आहे, आणि बाजारातला तुकडा खरा असेल तर तो कुठल्यातरी कबरीतून उखडलेला असण्याची दाट शक्यता असते. आतले पपायरस वाचायला मिळावेत म्हणून एके काळी कितीतरी मुखवटे पाण्यात विरघळवून टाकले गेले. उरलेत त्यांना तरी राहू द्यावं असं मला मनापासून वाटतं.

तयार मुखवटा बाहेरच्या भिंतीला टांगू नका, ओल लागते. मागच्या बाजूनेही सरसाचा एक पातळ हात द्या, आत कापूर किंवा कडुनिंबाची वाळलेली पानं ठेवा, कारण झुरळांना आणि कसरीला सरस फार आवडतो. धूळ कोरड्या मऊ ब्रशनेच झटकायची. ओल्या फडक्याने पुसलंत तर रंगच निघून येईल.